स्विंगच्या दीड सेकंदात डोकं कुठे ठेवायचं?

रविवारी सकाळी साडेसहाला खारघरच्या गोल्फ कोर्सवर पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभं राहिलं की आपल्यासारख्यांचं काय होतं ते आधी सांगतो. दहा मिनिटांपूर्वी प्रॅक्टिसला सेव्हन आयर्नने, म्हणजे मधल्या पल्ल्याच्या क्लबने, मारलेले आठ बॉल सरळ गेलेले असतात, हात मोकळे झालेले असतात, वाटतं आज काहीतरी होणार, आणि मग टीवर आलो की मागची फोरबॉल, म्हणजे चौघांची टोळी, येऊन थांबलेली दिसते, त्यातला एकजण हाताची घडी घालून बघत असतो, आणि डोक्यात सुरू होतं, डावा हात सरळ, मान खाली, खांदा पूर्ण फिरव, घाई नको, उजवीकडे ओबी आहे, म्हणजे कोर्सची हद्द संपते, मागच्या वेळी इथेच दोन बॉल घालवले होते, हा माणूस अजून बघतोय. बॉल टॉप होतो, म्हणजे क्लब त्याच्या डोक्याला घासून जातो, चाळीस यार्ड घरंगळतो आणि मागून कुणीतरी म्हणतं, 'चालेल चालेल, सेफ आहे.' ते 'सेफ आहे' शिवीपेक्षा जास्त लागतं राव.

मी सीवूड्सला राहतो, नोकरी महापेला, गोल्फ चाळिशीत धरला आणि आता सात वर्षं झाली, हँडिकॅप २१ (ठरलेल्या शॉटपेक्षा साधारण एकवीस जास्त लागतात). म्हणजे मी काही कोच नाही, पण रेंजवर, म्हणजे प्रॅक्टिसच्या मैदानावर, बरा आणि कोर्सवर भलताच, हा आजार मला चार वर्षं होता आणि त्यातून बराचसा बाहेर आलोय, तर कसा आलो ते लिहितोय. ज्यांना अजून ग्रिपच, म्हणजे क्लब धरणंच, धड जमत नाही त्यांनी आधी कोचकडे जावं, हे नंतर वाचलं तरी चालेल. डोकं शांत ठेवून चुकीची ग्रिप धरली तर बॉल शांतपणे स्लाइस होतो, म्हणजे वळून भलतीकडे जातो, एवढंच.

पहिली गोष्ट म्हणजे आपण सगळे टेनिस बॉल क्रिकेटमधून आलेले. तिथे बॉल अंगावर येतो, डोकं चालवायला वेळच मिळत नाही, हात आपोआप जातो. गोल्फचा बॉल गप्प पडलेला असतो, ४२.६७ मिलिमीटरचा, ४६ ग्रॅमसुद्धा नाही, आणि तुम्ही मारेपर्यंत तो हलणार नाही. सगळी गोची तिथेच आहे, कारण मोकळा वेळ मिळाला की डोकं नसत्या उचापती करतं. तुम्हाला वाटतं माझं लक्ष कमी पडतंय, प्रत्यक्षात लक्ष जास्त असतं आणि ते चुकीच्या जागी असतं.

दुसरं, 'साडेचार तास कॉन्सन्ट्रेट कर' असं कुणी सांगितलं तर हो म्हणा आणि सोडून द्या. हिशोब करा, मी समजा एका राउंडमध्ये ९४ शॉट मारले, एका स्विंगला दीड सेकंद धरा, तर क्लब हलण्याचा एकूण वेळ होतो १४१ सेकंद, म्हणजे अडीच मिनिटंसुद्धा नाही. प्रत्येक शॉटच्या आधीची वीसेक सेकंदं मिळवली तरी अर्धा-पाऊण तास, उरलेला वेळ चालणं, बॉल शोधणं, थांबणं आणि गप्पा. त्यामुळे लक्ष साडेचार तास ताणून धरायचं नसतं, नव्वद-पंचाण्णव वेळा लावायचं आणि तेवढ्याच वेळा बंद करायचं असतं. बंद करणं हे लावण्याइतकंच शिकावं लागतं, त्यावर खाली येतो.

आता स्विंगच्या आत काय होतं ते बघू. टूरवरच्या, म्हणजे व्यावसायिक स्पर्धा खेळणाऱ्या, चांगल्या प्लेअरचा बॅकस्विंग (क्लब मागे वर नेणं) साधारण पाऊण सेकंदाचा आणि डाउनस्विंग (खाली बॉलवर आणणं) पाव सेकंदाचा असतो, तीनास एक. क्लब बॉलला टेकलेला असतो तो वेळ तर अर्धा मिलिसेकंद. आता मला सांगा, त्या पाव सेकंदात तुम्ही डोक्यातून 'अरे उजवा कोपर आत घे' असा निरोप पाठवणार, तो हाताला पोचणार आणि हात दुरुस्ती करणार, कधी? डाउनस्विंग सुरू झाल्यावर दिलेली कुठलीही ऑर्डर वेळेवर पोचत नाही, पोचते ती फक्त धास्ती, आणि त्यामुळे मनगटं आवळली जातात. नेरूळ स्टेशनचा जिना तुम्ही रोज उतरता, एकदा मुद्दाम प्रत्येक पायरीला 'आता डावा गुडघा वाकव, आता टाच टेकव' असं म्हणत उतरून बघा. कठडा धरून बघा पण.

मी ज्याच्याकडे पहिल्यांदा शिकलो त्या कोचने सहा क्लासमध्ये मला अकरा सूचना दिल्या, मी त्या मोबाइलमध्ये लिहून ठेवल्या होत्या, ती नोट अजून आहे. परवा मोजलं तर अकरातल्या आठ सूचना शरीराच्या कुठल्यातरी भागाबद्दल आहेत, मान, कोपर, गुडघा, कंबर, डावा अंगठा. एकही सूचना खोटी नाही हां, पण त्या रेंजवर एकेक करून घोटायच्या असतात, कोर्सवर आठच्या आठ डोक्यात घेऊन उभं राहिलं की माणसाचा पुतळा होतो.

आणि हे फक्त माझं मत नाही. १९९९ मध्ये गॅब्रिएल वुल्फ ही संशोधक आणि तिच्या सहकाऱ्यांनी अगदी नवशिक्यांना पिच शॉट, म्हणजे जवळून उचलून मारायचे शॉट, शिकवले, एका गटाला सांगितलं हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या, दुसऱ्याला सांगितलं क्लब लंबकासारखा हलतोय तिकडे लक्ष द्या. दुसऱ्या गटाचे बॉल टार्गेटच्या जास्त जवळ पडले, आणि नंतर काही न सांगता परत मारायला लावलं तेव्हाही तेच पुढे. त्याच्या आधी १९९२ मध्ये रिचर्ड मास्टर्स या संशोधकाने पटिंगवर, म्हणजे बॉल जमिनीवरून होलमध्ये घालवण्यावर, असाच प्रयोग केला होता. ज्यांना पट कसा मारायचा याच्या सविस्तर सूचना देऊन शिकवलं होतं ते दडपण आल्यावर गडबडले, आणि ज्यांना काहीच न सांगता, उलट डोकं दुसऱ्याच कामात गुंतवून पट मारायला लावले होते, त्यांच्यावर दडपणाचा तेवढा परिणाम झाला नाही. म्हणजे ऐन वेळी माणूस आपल्याला माहीत असलेले नियम उकरून काढतो आणि चालू गाडीचं इंजिन उघडून बसतो. नियम जेवढे जास्त पाठ तेवढं उकरायला जास्त.

तर मग करायचं काय. डोकं रिकामं ठेवा म्हणणारे लोक मला कधीच समजले नाहीत, डोकं रिकामं राहत नाही, सांगून तर अजिबात नाही. त्याला काम द्यायचं. बॉलच्या मागे उभे असताना भरपूर काम, बॉलवर उभे असताना एकच काम, आणि ते एक काम अंगाबाहेरचं.

बॉलच्या मागे, म्हणजे टार्गेट, बॉल आणि तुम्ही एका रेषेत, साधारण तीन-चार पावलं मागे. इथे हवा तेवढा विचार करा. वारा कुठून, बॉल कसा पडलाय, किती यार्ड, कुठला क्लब. खारघरला वारा डोंगरामुळे फसवतो, टीवर पडलेलं असतं सगळं आणि वर झाडाचे शेंडे हलताना दिसतात, त्यामुळे मी शेंडेच बघतो. मग टार्गेट. 'फेअरवेच्या मधोमध' (फेअरवे म्हणजे होलकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) हे टार्गेट नाही, ते म्हणजे रिक्षावाल्याला 'वाशीला चला' सांगण्यासारखं आहे, तो विचारणारच ना वाशीत कुठे. एक झाड घ्या, त्या झाडाचीही एक फांदी घ्या, किंवा लांबच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी. मग त्या रेषेत बॉलच्या पुढे दोन-तीन फुटांवर काहीतरी शोधा, वाळलेलं पान, तुटलेली टी (बॉल ठेवायची खुंटी), गवताचा करपलेला ठिपका. गोल्फमधला दिग्गज जॅक निकलॉस हेच करायचा, लांबच्या टार्गेटकडे नेम धरण्यापेक्षा पुढ्यातल्या ठिपक्यावरून बॉल घालवणं सोपं पडतं, आणि क्लबफेस कुठे लावायचा हा प्रश्न तिथेच मिटतो.

आणि मग मनातल्या मनात एक वाक्य, पूर्ण वाक्य. 'सेव्हन आयर्न, डावीकडचं ठेंगणं झाड, थोडा उजवीकडे वळेल.' बस. त्यात 'नको' हा शब्द येऊ द्यायचा नाही. 'पाण्यात नको' म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? पाणी. लहान मुलाच्या हातात ताकाचा ग्लास देऊन 'सांडू नको हां' म्हटलं की काय होतं ते घरोघरी माहीत आहे.

पुष्कळ जण सांगतात की शॉट आधी डोळ्यासमोर बघा, निकलॉस बघायचा, जेसन डे हा प्रो खेळाडू तर बॉलच्या मागे उभा राहून डोळेच मिटायचा. मी खूप प्रयत्न केला, मला चित्र दिसत नाही, मला ऑफिसची एक्सेल शीट दिसते. तुमचंही तसं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, चित्राऐवजी हाताला विचारा. मी मागे उभा राहून एक प्रॅक्टिस स्विंग मारतो, तो अशा बेताने की हा बॉल आत्ता जिथे जायचाय तिथे जाण्याइतका. एकच. पाच प्रॅक्टिस स्विंग मारणारे लोक प्रॅक्टिस करत नसतात, वेळ काढत असतात.

आता उंबरठा. पिया निल्सन आणि लिन मॅरियट या दोन कोच बायकांनी ही गोष्ट फार सोपी करून सांगितली आहे, बॉलच्या मागे विचाराची जागा, बॉलजवळ खेळाची जागा, आणि मधे एक रेषा. पियाने स्वीडनच्या टीमला शिकवलं, त्यातलीच अनिका सोरेनस्टॅम, जिने २००१ मध्ये एलपीजीएवर, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक टूरवर, ५९ मारले, तिथे तोवर कुठल्याच बाईने साठच्या खाली राउंड खेळला नव्हता. मी त्या रेषेला उंबरठा म्हणतो कारण घरात शिरताना चपला जशा बाहेर राहतात तसे क्लब कुठला, वारा कुठला, मागचा बघतोय का, हे सगळं बाहेर राहिलं पाहिजे. रेंजवर मी खरोखर नॅपकिन आडवा अंथरायचो आणि तो ओलांडून बॉलकडे जायचो. लोक बघायचे, एकाने विचारलं पण, 'काय शेठ, नमाजबिमाज?' दोन महिने केलं. आता नॅपकिन लागत नाही, ओलांडताना डाव्या हाताने ग्लोव्हची पट्टी एकदा दाबतो, ती माझी खूण. तुमची काहीही असू दे, पण शरीराची हवी आणि दर वेळी तीच हवी.

ओलांडल्यावर वेळ कमी घ्यायचा. हे मला माझ्या कॅडीने शिकवलं, तेही सहज. जवळच्याच गावातला पोरगा आहे, फार बोलत नाही. एका रविवारी दहाव्या होलनंतर म्हणाला, 'सर, तुमी आज नऊ वेला हलवला.' मी म्हटलं काय? तर म्हणे क्लब. बॉलवर उभं राहिलं की मी क्लब मागेपुढे हलवत बसतो ते तो सकाळपासून मोजत होता, आणि त्याचं म्हणणं असं की दोनदा-तीनदा हलवला की बॉल बरा जातो आणि सहाच्या वर गेलं की तो बॅग उचलून आधीच उजवीकडच्या झाडीकडे बघायला लागतो. मला राग आला, नंतर मी स्वतः मोजलं, खरं होतं. जेवढा जास्त उभा तेवढं डोकं इंजिन उघडायला मोकळं. यावरही अभ्यास झालेला आहे बरं का, सियन बायलॉक ही मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या टीमने पटिंगवर केलेला, मुरलेल्या खेळाडूंना झटपट मारा म्हटलं की त्यांचे पट सुधारतात आणि नवशिक्यांचे बिघडतात. त्यामुळे जे अगदी नवीन आहेत त्यांनी घाई करू नये, पण दोन-तीन वर्षं खेळलेल्यांनी उंबरठ्यापासून स्विंगपर्यंत आठ-दहा सेकंदांच्या आत उरकावं. माझं सध्या असं, पाय लावले, टार्गेटकडे एक नजर, दोनदा हलवला, दुसरी नजर, आणि गेला. दुसऱ्या नजरेनंतर थांबायचं नाही, तिथे थांबलं की संपलं.

आणि मधेच काही शंका आली, क्लब चुकलाय की काय, माशी बसली, मागे कुणाचा फोन वाजला, तर मागे व्हा. सरळ उंबरठ्याबाहेर, पुन्हा पहिल्यापासून. आपल्याला लाज वाटते, लोक खोळंबलेत असं वाटतं, म्हणून आपण तसाच मारतो आणि मग तोच बॉल शोधायला सगळ्यांची तीन मिनिटं घालवतो. २०१९ च्या नियमांत एका शॉटला ४० सेकंदांच्या आत मारा असं सुचवलंय, तुमचं रूटीन वीस-पंचवीसचं असेल तर पुन्हा मागे झालात तरी कुणाचं फार बिघडत नाही.

आता तो दीड सेकंद, ज्याच्यासाठी एवढं सगळं. एकच गोष्ट डोक्यात ठेवायची म्हटलं तर ती कुठली? मी तीन प्रकार वापरून बघितले. पहिला, गवत. आयर्नने मारताना बॉलच्या पुढचं चार बोटं गवत क्लबने घासायचंय एवढंच मनात, बॉलला मारायचंच नाहीये, तो मधे येतो म्हणून जातो. डफ (क्लब बॉलच्या आधी जमिनीत) आणि टॉप दोन्हीवर हा उपाय मला सगळ्यात लागू पडला. दुसरा, शेवट. स्विंग संपल्यावर बेल्टचं बकल टार्गेटकडे, क्लब खांद्यावर, आणि बॉल पडेपर्यंत तसंच उभं राहायचं, फोटो काढल्यासारखं. ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबला, हे चांगलं. अर्थात खराब बॉल मारून फोटोची पोज धरून उभं राहिलं की मित्र सोडत नाहीत.

तिसरा, ताल, आणि दडपण असलं की मी यावरच येतो. ते तीनास एक जे वर सांगितलं ते इंग्रजी आकडे मोजून मला कधी जमलं नाही, वन टू थ्री म्हणताना थ्रीला हात अडकायचा. मग एकदा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रेंजवर गेलो होतो, कान अजून वाजत होते, आणि सहज लक्षात आलं की 'गणपती बाप्पा' हा बॅकस्विंग आहे आणि 'मोरया' हा डाउनस्विंग. करून बघा. 'गणपती बाप्पा' सलग, न ओढता म्हणत क्लब वर न्यायचा, 'बाप्पा' संपताना तो वर पोचतो, जी बारीकशी विसावण्याची जागा घोषणेत असते तीच वर असते, आणि 'मो' ला बॉल. लहानपणापासून हजारदा म्हटलेलं असल्यामुळे लय चुकत नाही, कितीही घाबरलात तरी कुणी 'गणपती बाप्पा' घाईत उरकत नाही. मनातल्या मनात म्हणायचं हे सांगायला हवं, कारण ऐरोलीच्या एका मित्राला मी हे शिकवलं आणि त्याने पहिल्याच टीवर मोठ्याने म्हटलं, आणि शेजारच्या ग्रीनवरून, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावरून, 'मोरया' आलं, आणि तिथे पट मारत असलेल्या बिचाऱ्याचा पट चुकला.

या तिन्हीतला राउंडच्या आधी एक निवडायचा आणि अख्खा राउंड तोच. सहाव्या होलला बदलायचा नाही. सहाव्या होलला बदलावासा वाटतोच, तेव्हा दात ओठ खाऊन तोच ठेवायचा.

मान खाली ठेवण्याबद्दल एक, कारण हे आपल्याकडे प्रत्येक जण प्रत्येकाला सांगतो. 'हेड अप झालं' हे गोल्फ कोर्सवरचं सगळ्यात फुकट निदान आहे. मान धरून ठेवली की खांदा अडकतो, फॉलो-थ्रू अर्धा राहतो, कंबर दुखते ती वेगळी. मान धरू नका, डोळ्यांना काम द्या. बॉल गेल्यावर जिथे तो होता ते गवत क्षणभर दिसलं पाहिजे, एवढंच. मान बरोबर जेवढी राहायची तेवढी राहते आणि मग खांद्याबरोबर फिरते.

पटिंगला तर डोळेच सगळं आहेत. कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात जोन विकर्स या बाईंनी पट मारणाऱ्यांच्या नजरा कॅमेऱ्याने टिपल्या, आणि चांगल्यांचं वेगळेपण असं निघालं की मारण्याआधी त्यांची नजर बॉलवर एकाच ठिकाणी दोन-तीन सेकंद ठरलेली असते आणि बॉल गेल्यावरही थोडा वेळ तिथेच राहते. कच्च्या खेळाडूंची नजर क्लबवर, बॉलवर, परत क्लबवर अशी भिरभिरते. विकर्स याला 'क्वाएट आय' म्हणतात. हे घरी करता येतं, आणि माझ्या मते रेंजवर दोन बकेट उडवण्यापेक्षा हे जास्त कामाचं आहे. रात्री जेवणं झाली की हॉलमध्ये सतरंजी अंथरा, एका टोकाला स्टीलची वाटी आडवी, खरं होल १०८ मिलिमीटरचं असतं, वाटी त्याहून लहान घ्या. बॉलच्या खाली एक रुपयाचं नाणं ठेवा. बॉलच्या मागच्या बाजूचा एक खळगा निवडा, त्याच्याकडे बघत मनात 'एक, दोन' म्हणा, मारा, आणि बॉल गेल्यावर नाणं दिसलं पाहिजे, छापा की काटा ते सांगता आलं पाहिजे. वाटीत गेला की नाही हे कानाने कळतं, बघायची गरज नाही. मी रोज तीस मारतो. बायको सुरुवातीला बाजूला सिरीयल बघत 'छापा की काटा?' असं विचारायची, आणि मला निम्म्या वेळा सांगता यायचं नाही, म्हणजे मी निम्म्या वेळा वाटीकडे बघत होतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा विचारलं रात्री कसली टणटण असते, तेव्हापासून वाटीत फडकं घालतो.

पट मारताना हात मधेच झटका खात असेल, अगदी दोन फुटांवर, तर तो मात्र लक्षाचा प्रश्न नसू शकतो. त्याला यिप्स म्हणतात, बर्नहार्ड लँगरसारख्या माणसाला झालेत, त्याने ग्रिप बदलून, पटर बदलून त्यातून वाट काढली. तिथे 'मन शांत ठेव' वगैरे सल्ले निरुपयोगी, ग्रिप बदलून बघा.

शॉट मारून झाला. आता बंद करायचं. चांगला गेला तर आनंद पूर्ण घ्या, कंजुषी नको. वाईट गेला तर मी स्वतःला बॅगपर्यंत पोचायची मुभा दिली आहे, क्लब बॅगेत परत गेला की त्या शॉटबद्दल बोलणं बंद, तोपर्यंत मनात काय म्हणायचं ते म्हणा. चालताना स्विंगचं विश्लेषण अजिबात नाही, आणि मित्राचं तर त्याहून नाही. रोरी मॅकिलरॉय या प्रो खेळाडूचं उदाहरण मला फार आवडतं. २०११ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी चार शॉटने पुढे होता, दहाव्या होलला पहिलाच बॉल डावीकडे झाडांत घातला, ट्रिपल बोगी (ठरल्यापेक्षा तीन शॉट जास्त), आणि मग सगळं ढासळत जाऊन ८० मारले. तोच माणूस २०२५ ला त्याच कोर्सवर शेवटच्या दिवशी पहिल्याच होलला डबल बोगी करून बसला, आघाडी तिथेच गेली, मधे अजून पाण्यातही घातला, आणि तरी प्लेऑफमध्ये जिंकला. तुमच्या-माझ्या खराब होलचं काय घेऊन बसलात. आपली गोल्फर अदिती अशोकसुद्धा बघा, टोकियो ऑलिम्पिकला ड्राइव्हमध्ये बाकीच्यांच्या बरीच मागे पडायची, प्रत्येक होलला ते बघून कुणाचंही डोकं फिरलं असतं, पण ती ग्रीनवर जाऊन वसूल करत राहिली आणि चौथी आली, मेडलला एक शॉट कमी पडला. बॅग आईकडे होती.

मधल्या वेळात डोक्याला चरायला सोडा. पावसाळ्यात खारघरच्या डोंगरावरून पाण्याच्या रेघा उतरतात त्या बघा, कॅडीला त्याच्या गावच्या पालखीबद्दल विचारा. फोन मात्र बॅगेत खाली, कारण सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून पेटलेलं असतं आणि ते एकदा वाचलं की दोन होल गेलेच. आणि पाणी प्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे घाम एवढा जातो की चौदाव्या होलला जे 'लक्ष लागत नाही' वाटतं ती निम्मी तहान असते. मी एक बाटली मीठ-साखरेच्या लिंबूपाण्याची, केळं आणि चिक्की ठेवतो. वडापाव राउंडनंतर. मधे खाल्ला तर पुढचे तीन होल झोपेत.

प्रॅक्टिसचं थोडक्यात. पन्नास बॉलची बकेट घेतली तर पस्तीस बॉल स्विंगवर खर्च करा, तिथे कोपर, गुडघा, हवं ते बघा, त्यासाठीच रेंज आहे. शेवटचे पंधरा कोर्ससारखे मारा. दर बॉलला क्लब बदला, टार्गेट बदला, मागे जा, वाक्य म्हणा, उंबरठा ओलांडा, मारा, आणि पुढचा बॉल ओढून घ्यायच्या आधी अर्धा मिनिट थांबा. कंटाळा येतो. शेजारचा तेवढ्यात अख्खी बकेट संपवतो. येऊ दे, संपवू दे.

कोर्सवर मोजायचं असेल तर स्कोअरकार्डवर स्कोअरच्या खाली एक ओळ रिकामी ठेवा. शॉट कुठे गेला ते नाही, रूटीन पूर्ण झालं की नाही त्याचे ठिपके. बॉल बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेला पण वाक्य म्हटलं होतं, दोनदाच हलवला होता, ताल होता, तर ठिपका द्यायचा. बॉल पिनला, म्हणजे होलच्या झेंड्याला, चिकटला पण कसातरी मारला होता, तर नाही. सुरुवातीला माझे निम्मे पण व्हायचे नाहीत. आता बरेच होतात, आणि कार्डं शेजारी शेजारी ठेवून बघितल्यावर कळलं की ठिपके गायब होतात ते अवघड होलला नाही, तर लिंबूपाण्याच्या ब्रेकनंतरच्या पहिल्या टीवर, कारण तिथे उलव्यातल्या फ्लॅटचे भाव काय झालेत यावर चर्चा रंगात आलेली असते आणि मी अर्धा हसत, अर्धा बोलत ड्रायव्हर घेऊन उभा राहतो. त्यामुळे त्या एका टीवर आता ड्रायव्हर काढतच नाही, कॅडीला आधीच सांगून ठेवलंय, तो न विचारता हायब्रिड, म्हणजे ड्रायव्हरपेक्षा आटोक्यातला क्लब, हातात देतो.